सोळाकाकांचा उरलेला फर्मा

त्या नऊ काळ्या खुणा मी पुसल्या. कोणी सांगितलं नव्हतं, चुकून हात लागला असंही नाही. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्या हाताने एकेक पुसली आणि वर स्वतःवर खूश झालो. छापखान्यात लागून मला तेव्हा आठ महिने झाले होते. संगणकावर पुस्तकाची पानं लावायची, एवढंच माझं काम. आठ महिन्यांत माणूस फारसं काही शिकत नाही, पण आपल्याला सगळं कळतं असं वाटायला तेवढे पुरतात.

पुस्तक होतं एका निवृत्त मास्तरांचं, लहान मुलांसाठी अंकगणिताचं. पानं लावताना मला दिसलं की दर सोळा पृष्ठांमागे कडेला एक जाड काळी पट्टी आहे. पहिली वर, दुसरी जरा खाली, तिसरी आणखी खाली. मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या फाइलमधला कचरा राहिलाय. इतक्या स्वच्छ पुस्तकाला हे काय गालबोट! पुसून टाकल्या. त्याच झपाट्यात पृष्ठांचे आकडेही बारीक केले, काळ्याचे करडे केले. नाजूक दिसतात म्हणून.

चार दिवसांनी मागच्या खोलीतून, म्हणजे बांधणीच्या खोलीतून, हाक आली.

"अरे, पानं लावणारा कोण तो? इकडे ये जरा."

हाक सोळाकाकांची होती. त्यांच्या हातात नऊ घडी केलेले फर्मे होते. फर्मा म्हणजे एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी आठ-आठ पृष्ठं छापलेला. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पृष्ठांची चोपडी होते. अशा नऊ चोपड्या एकावर एक ठेवल्या की मास्तरांचं एकशे चव्वेचाळीस पृष्ठांचं पुस्तक. काकांनी त्या नऊंची पाठ माझ्या नाकासमोर धरली.

"जिना कुठाय?"

"कसला जिना?"

काकांनी फळीवरून दुसरं, जुनं पुस्तक काढलं. त्याच्या पाठीवर त्या काळ्या पट्ट्या तिरप्या रांगेत उतरत होत्या, अगदी जिन्यासारख्या. एक फर्मा राहिला तर जिन्याची पायरी गळते, एकच दोनदा आला तर एका ओळीत दोन पट्ट्या दिसतात. पुस्तक उघडायची गरज नाही, पाच हात लांबून कळतं.

"मला ती घाण वाटली," मी म्हणालो.

"घाण!" काका म्हणाले. मग शेजारी उभ्या असलेल्या, त्यांच्याबरोबर बांधणी करणाऱ्या ताईंकडे वळून, "ऐकलंत का? घाण वाटली म्हणे."

"कलाकार असेल," ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या खोलीत माझं नाव कलाकार पडलं.

मालक आले. कागद कापून, छापून, घड्या घालून झाला होता. पुन्हा छापायचं म्हणजे नवा कागद, नवे चार दिवस, आणि पुस्तकं तर तीन दिवसांत शाळांना जायची होती. मालकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. मग ते काकांना म्हणाले, "काका, तुमच्या हातांना खुणा कशाला लागतात? एवढी वर्षं झाली."

काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, स्तुती आवडली.

*

हे सोळाकाका. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरतात. छत्तीस वर्षं फर्मे मोजून काकांच्या डोक्यात जगातली प्रत्येक गोष्ट सोळा-सोळाच्या घडीत बसली होती. एकदा मी वय विचारलं, तर म्हणाले, "तीन सोळा, वर अकरा." मी बोटं मोडत बसलो. एकोणसाठ निघाले तोवर ते जेवायला निघून गेले होते. नोकरीची वर्षं "दोन सोळा, वर चार." बायकोशी भांडण किती दिवस टिकलं विचारलं तर, "सोळा पुरे झाले नाहीत, म्हणजे भांडण नव्हेच."

त्यांच्या घरी जायला सतरा पायऱ्या आहेत. हे मला काकूंनी सांगितलं. काका सोळा मोजतात आणि शेवटची न मोजता ओलांडतात. काकूंनी एकदा विचारलं की ती काय परक्याची आहे का. तर म्हणाले, "घरमालकाची. आपण सोळाचं भाडं देतो."

"घरी बसले ना," काकू मला म्हणाल्या होत्या, "तर भिंतीच्या विटा मोजतील, आणि एखादी जास्त निघाली तर काढून टाकतील. त्यांना तिकडेच राहू दे रे बाबा."

लेखक लोकांना काकांचा धाक होता. मोठमोठे लेखक पुढच्या दारानं येत, मालकांशी साहित्यावर बोलत, पण पुस्तक किती पृष्ठांचं होणार हे कळायला शेवटी मागच्या खोलीत यावंच लागे. मास्तरही आले होते. त्यांचं लिखाण एकशे एकेचाळीस पृष्ठांत संपत होतं.

"सोळा आठे एकशे अठ्ठावीस, वर तेरा," काका म्हणाले. "नववा फर्मा तर लागणारच. मग तीन पृष्ठं कोरी जातील. तुमच्याकडे आणखी काही सांगण्यासारखं आहे का?"

मास्तर चाळीस वर्षं भागाकार शिकवत आले होते. त्यांनी बोटांवर तीन मोजले. मग म्हणाले, "तीन पृष्ठं उदाहरणं देतो."

"द्या. लेखकाला वाटतं लिहून झालं की पुस्तक संपलं. सोळाने भाग गेल्याशिवाय पुस्तक संपत नसतं."

मलाही त्यांनी शिकवलं, रागावून का होईना. उघड्या पुस्तकात उजव्या हाताला नेहमी विषम पृष्ठ, डाव्या हाताला सम. एका कागदाच्या पाठपोट एक विषम आणि एक सम, जन्माचे चिकटलेले. "पान फाडणाऱ्याला वाटतं आपण एक पृष्ठ चोरलं," काका म्हणत. "एक चोरताच येत नाही. दुसरं बरोबर येतंच."

पण काकांच्या नोकरीला आता एक मर्यादा आली होती. छापखान्याचा नियम साठला घरी. पाच महिने उरले होते. मालकांनी त्यांच्यापुरती सवलत ठेवली होती, आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवली होती: "काकांच्या हातून एकही चुकीचं पुस्तक बाहेर गेलेलं नाही. जोवर जात नाही तोवर साठ होवोत की सत्तर, खिडकीजवळची खुर्ची त्यांची." काकांनी त्या दिवशी काकूंना पायऱ्या चढतानाच ओरडून सांगितलं होतं. सतरावी पायरीसुद्धा त्या दिवशी मोजली म्हणे.

*

तर बिनजिन्याचं पुस्तक जमवायला सुरुवात झाली. पद्धत अशी. लांब टेबलावर नऊ फर्म्यांचे नऊ ढीग. एका अंगाला पाच, टोकाला वळसा, दुसऱ्या अंगाला चार. माणूस टेबलाभोवती फिरतो, प्रत्येक ढिगावरून एक उचलतो, नऊ झाले की पाठ ठोकून सरळ करतो आणि गठ्ठ्यावर ठेवतो. काका पुढे, ताई मागे. कोणी कोणाला ओलांडायचं नाही. काकांचं पुस्तक गठ्ठ्यात उभं, त्यावर ताईंचं आडवं, परत काकांचं उभं. म्हणजे न शिवलेली पुस्तकं एकमेकांत मिसळत नाहीत. सोळा झाली की दोरी बांधायची आणि नंबराची चिठ्ठी लावायची. बाराशे पुस्तकांचे बरोबर पंच्याहत्तर गठ्ठे होणार होते. बाकी शून्य. त्यामुळे काका त्या पुस्तकावर मुळात खूश होते.

प्रत्येक फर्म्याच्या घड्या त्यांनी मोजून बाराशे सोळा ठेवल्या होत्या, त्यावरच्या रद्दीत. काम संपल्यावर प्रत्येक ढिगावर सोळाच उरले पाहिजेत. त्यांचा जुना दंडक होता: उरलेले मोजल्याशिवाय तारेचा टाका मारायचा नाही.

तो दंडक पहिल्याच सकाळी मोडला. मास्तर आले. हातात पिशवी, चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखा आनंद. थोडी पुस्तकं आजच मिळतील का?

"पहिला गठ्ठा शिवून द्या," मालक म्हणाले.

"अजून उरलेले मोजलेले नाहीत," काका म्हणाले.

"काका, सोळा पुस्तकं आहेत. सोळा पुस्तकांनी जग बुडत नाही."

पहिला गठ्ठा शिवला, पुठ्ठे चढले, कडा कापल्या. मास्तर पिशवी छातीशी धरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमवणं संपलं. मी मदतीला मागच्या खोलीत होतो. मदतीला म्हणजे, मालकांनी शिक्षा म्हणून पाठवलं होतं. काका ढिगांवरचे उरलेले मोजायला लागले. अंगठ्याने कडा उचलून चार-चार मोजत, न बघता. पहिला ढीग सोळा, दुसरा सोळा, तिसरा, चौथा. पाचव्यावर थांबले. पुन्हा मोजला.

"नऊ," म्हणाले.

सहावा मोजला. "तेवीस."

बाकी तीन ढीग सोळा-सोळा. काकांनी हात पुसले. पाचव्यातले सात जास्त गेलेत, सहाव्यातले सात कमी. म्हणजे अकराशे चौऱ्याऐंशी आणि मास्तरांची सोळा, यांत कुठेतरी सात पुस्तकं अशी होती की ज्यांत पाचवा फर्मा दोनदा आणि सहावा नाहीच. मी पाचवा उघडून बघितला. पृष्ठ पासष्ट ते ऐंशी: सम आणि विषम संख्या. सहावा, एक्क्याऐंशी ते शहाण्णव: भागाकार आणि बाकी. म्हणजे सात पोरं सम-विषम दोनदा शिकणार आणि बाकी कधीच नाही.

"जिना असता तर," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुढचं गिळलं. गिळलेलं मला व्यवस्थित ऐकू आलं.

अडीच वाजले होते. सहाला छापखाना बंद. उद्याचा पूर्ण दिवस टाके, पुठ्ठे, कटाई यांत जाणार, संध्याकाळी गाडी येणार. जे शोधायचं ते आजच. मी आणि ताई बसलो. एकेक पुस्तक अलगद उचलायचं, पाचव्या आणि सहाव्या फर्म्याचे आकडे बघायचे, परत पाठ ठोकून ठेवायचं. काका दोऱ्या सोडत होते, बांधत होते.

"काका, तुम्हीही बसा की," मी म्हणालो.

"चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. दांडी बाहेर डोकावत होती. मी मनात म्हटलं, रागावलेत माझ्यावर. रागावू देत, हक्क आहे.

माझेच बारीक करडे आकडे वाचता वाचता मला रडू यायचं बाकी होतं. चौथ्या गठ्ठ्यात एक सापडलं, पाचवं पुस्तक. सतराव्या गठ्ठ्यात दुसरं, तेरावं. चार वाजायला दहा कमी असताना वीस गठ्ठे झाले होते. ताईंनी घड्याळाकडे बघितलं.

"चोपन्न राहिले. असंच चाललं तर साडेसात होतील."

"मालकांना सांगून थांबू," मी म्हणालो.

"मशीनवाला कुलूप लावून जातो. आणि उद्याचं काय?"

काका हातातली दोरी बोटाला गुंडाळत उभे होते. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"कलाकार," ते म्हणाले. "आडवी सोड. उभीच बघ."

"म्हणजे?"

"एक सोडून एक. पहिलं, तिसरं, पाचवं. नुसती विषम. निम्म्या वेळात होईल."

"आणि समातलं एखादं चुकीचं असलं तर?"

"नसणार."

"पण कशावरून?"

ताईंनी एकदम मान खाली घातली आणि नसलेली धूळ झटकायला लागल्या.

"सम ताईंची," काका म्हणाले. "विषम माझी."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. पाचवं, तेरावं. अख्खं सम-विषमाचं प्रकरण मी स्वतःच्या हातांनी लावलं होतं, पानोपानी, आणि डोळ्यांसमोरचे दोन विषम आकडे मला दिसले नव्हते.

"पाचवा ढीग त्या कोपऱ्यावर आहे," काका शांतपणे सांगत होते, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल. "वळताना हात पुन्हा त्याच्यावरच पडला असेल. एरवी पाठ ठोकताना जिना दिसतो, लगेच कळतं. पट्टी जाड असते, तेवढं दिसतं मला. आकडे दिसत नाहीत. मधोमध धुकं आहे, कडेकडेचं दिसतं. तू समोर उभा राहिलास की तुला तोंड नसतं. तसं त्यात फार काही बिघडत नाही म्हणा."

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मागून चालते मी त्यांच्या," ताई म्हणाल्या. "हात चाचपडतो ते दिसतं. पण सांगायचं त्यांनी. मी कशाला सांगू?"

"पंधराचे गठ्ठे केले असते तर वाचलो असतो," काका म्हणाले. "एका गठ्ठ्यात माझी विषम, पुढच्यात माझी सम. कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. सोळाने घात केला."

आणि मग, मी काही तरी समजुतीचं बोलायला तोंड उघडतोय हे बघून, "बोलू नकोस. बघायला लाग. दोन तास आहेत."

*

मालक पाचच्या सुमाराला आले. तोवर आणखी तीन सापडली होती: सातवं, तिसरं, पुन्हा तिसरं. ते दारात उभे राहून थोडा वेळ नुसते बघत होते. मालकांचा स्वभाव कसाही असो, नजर पक्की आहे.

"एक सोडून एक का बघताय?"

मला वाटलं, हीच वेळ. मी उभा राहिलो. छाती जरा पुढे काढली असावी.

"चूक माझी आहे. खुणा मी पुसल्या. काकांचा काही..."

"खाली बस," काका म्हणाले. मग मालकांकडे, म्हणजे मालकांच्या थोडं डावीकडे बघत म्हणाले, "खुणा त्याने पुसल्या. पुस्तकं मी चुकवली. दोन वेगळी खाती आहेत, बेरीज करून एक आकडा काढू नका. मला आकडे दिसत नाहीत. विषम माझी आहेत म्हणून विषम बघतोय."

"कधीपासून दिसत नाहीत?"

"आठ महिने."

"आणि मला आज सांगताय?"

"आजही सांगणार नव्हतो," काका म्हणाले. "पण वेळ पुरत नव्हता."

मालकांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती. ते तिच्यावर बसतील असं मला क्षणभर वाटलं. बसले नाहीत. ताईंच्या शेजारचं स्टूल ओढलं, एक गठ्ठा पुढ्यात घेतला आणि विषम बघायला लागले. पाच-सहा पुस्तकं बघितल्यावर मला म्हणाले, "हे आकडे इतके बारीक कोणी केले?"

मी पुढचं पुस्तक उचललं. विचारणाऱ्यालाही उत्तर माहीत होतं.

सहाला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा गठ्ठा झाला. एकूण सहा. सातवं नाही. दुसऱ्या दिवशी ताई दोन तास लवकर आल्या आणि मलाही बोलावलं. राहिलेली सगळी सम आम्ही चाळली. "माझ्यावर शंका नको," एवढंच त्या म्हणाल्या. एकही निघालं नाही. म्हणजे सातवं पुस्तक मास्तरांच्या पिशवीतून गेलं होतं. पहिल्याच गठ्ठ्यातलं, काकांचा दंडक मोडून शिवलेलं.

काकांनी सहाच्या सहा पुस्तकांतला जास्तीचा पाचवा काढला, सहावा घातला. मग उरलेले परत मोजले. पाचव्या ढिगावर पंधरा, सहाव्यावर सतरा. त्या सतरातला एक त्यांनी बाजूला काढला, खाकी कागदात गुंडाळला, आणि ताईंकडून वर लिहून घेतलं: देणं, फर्मा एक.

"सोळा पुस्तकांनी जग बुडत नाही," मालक स्वतःशीच म्हणाले. काका काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते एव्हाना मला समजायला लागलं होतं.

मास्तरांना निरोप गेला. मास्तर घाबरेघुबरे आले. त्यांनी सोळा पुस्तकं वाटून टाकली होती, शक्य तितक्या आनंदाने आणि शक्य तितक्या बेशिस्तीने. दहा जणांचा पत्ता लागला. दहाही पुस्तकं ठीक. उरलेली सहा कोणाला दिली? एक बसच्या कंडक्टरला, कारण त्याने सुटे पैसे तोंडी मोजून बरोबर दिले. एक शेजारच्या बाकावरच्या बाईंना, त्यांच्या मुलीला भागाकार जमत नव्हता म्हणून. बाकीची आठवत नव्हती.

"त्या मुलीचं नाव तरी?" काकांनी विचारलं.

"विचारलं नाही हो. फक्त म्हणालो, बाकी शिकायची असेल तर एक्क्याऐंशी पृष्ठापासून सुरू कर."

काकांनी डोळे मिटून घेतले.

*

मालकांनी काकांच्या खुर्चीबद्दल त्या आठवड्यात चकार शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "डोळे दाखवून या, मग बघू." काकू त्यांना घेऊन गेल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढे करू म्हणाले. काका परत आले तेव्हा मी दारातच होतो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"असा आहेस होय," म्हणाले. "धुकं बरं होतं."

टेबलाभोवतीचं फिरणं त्यांचं बंद झालं. आता ताई पुढे असतात आणि मी मागे. म्हणजे सम पुस्तकं माझी, आणि गठ्ठ्यात ती आडवी असतात, स्वभावाप्रमाणे. संगणकावर मी काळ्या पट्ट्या इतक्या जाड करतो की परवा मशीनवाल्याने विचारलं, शाई काय बापाची आहे का. काका खिडकीजवळ बसून जिने तपासतात.

साठाव्या वाढदिवशी मालक मागच्या खोलीत आले. हातात लिफाफा होता. काय असेल ते सगळ्यांना कळलं. ते काही बोलायच्या आत काकांनी फळीवरच्या खाकी पुडक्याकडे बोट दाखवलं.

"हे कोणाचं तरी देणं आहे. तो माणूस पुस्तक घेऊन आला तर त्यात फर्मा बसवायला पाठ उसवावी लागेल, पुन्हा शिवावी लागेल, पुठ्ठा चढवावा लागेल. कोण करणार? ताई एकट्या? की हा कलाकार?"

मालकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझं अडाणीपण कोणाच्या इतकं उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी शक्य तितका बावळट चेहरा केला. फारसे कष्ट पडले नाहीत.

"चुकीचं पुस्तक बाहेर जाईपर्यंत खुर्ची, असं ठरलं होतं," मालक म्हणाले.

"गेलंच आहे," काका म्हणाले. "नाही कुठे म्हणतोय? म्हणून तर ते परत येईपर्यंत बसायला पाहिजे."

मालकांनी लिफाफा खिशात घातला. "बसा मग. तो येईपर्यंत."

नंतर चहाला आमची वाटणी झाली. सोळा पृष्ठांचं देणं, देणेकरी तीन: खुणा पुसणारा मी, हात चुकलेले काका, आणि घाई करणारे मालक. काकांनीच भाग लावला. पाच, पाच, पाच, आणि वर एक.

"ते एक ताईंचं," मी म्हणालो. "गप्प बसल्याबद्दल."

"एक पृष्ठ निघतच नाही रे," ताई म्हणाल्या. "पाठपोट असतं. एवढं शिकवून काय उपयोग!"

त्याला आता वर्ष होऊन गेलं. पुडकं फळीवर आहे. शनिवारी झाडताना मी त्याच्यावरची धूळ पुसतो. पुसण्याच्या बाबतीत माझ्यावर अजून एवढाच विश्वास टाकला जातो. काका अधूनमधून त्या मुलीची चौकशी करतात. म्हणजे कोणाकडे करणार, स्वतःशीच. ऐंशीनंतर पुन्हा पासष्ट बघून तिला काय वाटलं असेल? आपलंच काही चुकतंय असं वाटलं असेल का? "तेवढं नको वाटायला," म्हणतात, आणि पुढचा जिना तपासायला घेतात.

काल सकाळी एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात पिशवी, पिशवीत पुस्तकासारखं काहीतरी चौकोनी. काका खुर्चीतून उठले. उठताना त्यांचा हात फळीकडे गेला, आणि तिथेच थांबला. मी पुढे होऊन विचारलं, काय पाहिजे?

बाईंना दुकानाची पावतीपुस्तकं छापून हवी होती. पिशवीत डबा होता.

काका परत बसले. मुलगी त्यांच्या टेबलाजवळ रेंगाळली, तर तिला म्हणाले, "सतराला पाचाने भाग, बघू. किती उरतात?"

"दोन," ती म्हणाली.

"शाबास," काका म्हणाले, आणि पुडक्याकडे एकदा बघून घेतलं. ते अजून तिथेच होतं.